एमूचे पाय आणि आपली भूतदया

भूतदया हा शब्द मराठी माणसाच्या कानावर शाळेच्या वयापासून पडत आलेला आहे. शब्दाबरोबर एक कथाही ठरलेली असते. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड एकनाथांनी तापलेल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही ती कथा. तिच्यातील नाथांच्या मनाच्या मोठेपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. गाढवाविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्या गाढवाला तहान लागली होती आणि नाथांनी त्याला पाणी दिले. त्याला काय हवे आहे हे ओळखण्यासाठी नाथांना गाढवांचा अभ्यास करावा लागला नाही. तापल्या वाळूत पडलेल्या जिवाची गरज कोणालाही कळते. परंतु गरज इतकी उघड नसेल तेव्हा काय? मनात दया दाटून आली आहे आणि समोरच्या प्राण्याला नेमके काय हवे ते ठाऊक नाही, अशा वेळी त्या दयेचे काय होते? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या प्राण्याचे काय होते? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

त्यासाठी जे उदाहरण घेतले आहे ते काहींना चमत्कारिक वाटेल. ते आहे घरात पाळलेल्या, पायात व्यंग असलेल्या एमूच्या पिल्लाचे. एमू हा ऑस्ट्रेलियातील पक्षी, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस एमू भारतात व्यापारी पालनासाठी आले. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि तमिळनाडू या राज्यांत पुढील दशकभर एमूपालनाची लाट होती. कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंदा, मांसाला मागणी, चरबीच्या तेलाला मागणी, कातड्याला आणि पिसांना मागणी, अशी ती जाहिरात असे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट विकली जात होती: पिल्लांची जोडी, पुढच्या शेतकऱ्याला. खाणारा गिऱ्हाईक जवळजवळ नव्हताच. २०१२ साली तमिळनाडूतील पेरुंदुराईची सुसी एमू फार्म्स ही कंपनी कोसळली, गुंतवणूकदारांनी पोलिसांकडे धाव घेतली आणि हजारो पक्षी खाद्याविना कुंपणात उभे राहिले. महाराष्ट्रातही अनेक शेडमधून थोड्याफार फरकाने हेच घडले. अमेरिकेतील टेक्सासमध्ये आपल्याआधी, १९९०च्या दशकात, हाच फुगा फुगून फुटला होता. परंतु दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे होणे हे शेतीच्या जोडधंद्यांच्या बाबतीत आपल्याकडे क्वचितच घडते.

या व्यवहाराच्या हिशेबात पायाने अधू पिल्लाला जागा नव्हती. जोडी विकायची तर दोन्ही पिल्ले ताठ उभी राहिली पाहिजेत. जे उभे राहत नाही ते बाजूला काढले जाई, आणि बाजूला काढलेले पिल्लू पुष्कळदा घरातील कोणाच्या तरी ओच्यात येई. शेडच्या मालकाच्या मुलाने, सुनेने, कधी राखणदाराच्या बायकोने त्याला उचललेले असे. ज्याला आपण ‘पाळीव एमू’ म्हणू तो आपल्या खेड्यांत बहुधा असाच अवतरला आहे. त्याला जीव लावणारी माणसे वाईट नव्हती. धंद्याने टाकून दिलेला जीव त्यांनी उचलला, हे त्यांच्या पदरी पुण्य म्हणूनच टाकले पाहिजे. प्रश्न आहे तो त्यानंतरचा.

एमूच्या पिल्लाला जीव लागणे अगदी स्वाभाविक आहे. गडद हिरव्या, जवळजवळ काळपट अंड्यातून ते बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर पांढुरक्या आणि तपकिरी रंगांचे उभे पट्टे असतात. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज काढत ते दिसेल त्या हलत्या वस्तूच्या मागे धावते. हा मागे धावण्याचा स्वभाव त्याच्या जगण्याचा आधार आहे. रानात एमूची अंडी नर उबवतो. सुमारे आठ आठवडे तो घरट्यावरून फारसा उठत नाही, त्या काळात खाणेपिणे जवळपास वर्ज्य करतो आणि शरीरात साठवलेल्या चरबीवर तग धरतो. पिल्ले बाहेर आली की थोड्याच दिवसांत ती बापामागून चालू लागतात आणि पुढे कित्येक महिने चालतच राहतात. त्यांचे बालपण म्हणजे खडबडीत जमिनीवरची अखंड पायपीट. दाणापाणी एका जागी मिळत नाही, म्हणून पोट कधी तुडुंब भरत नाही. पाय घडतात ते या चालण्यातून आणि या अर्धपोटी राहण्यातून.

आणि एमूच्या बाबतीत पाय म्हणजे जवळजवळ सर्वस्व. पंख आहेत ते नावापुरते. पूर्ण वाढलेला पक्षी माणसाएवढा उंच आणि साधारण ३५ ते ४५ किलो वजनाचा असतो. ताशी ४५ ते ५० किलोमीटर वेगाने तो धावू शकतो. आपल्याला उलट्या दिशेने वाकणारा गुडघा वाटतो तो खरे तर त्याचा घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पोटरीच्या ज्या स्नायूचे इतर पक्ष्यांत तीन भाग असतात, त्याचे एमूत चार असतात. हा सगळा डोलारा दोन पायांच्या सहा बोटांवर तोललेला आहे. कुत्रा तीन पायांवर वर्षानुवर्षे आनंदाने जगतो, शेळीही जगते. चिमणी लंगडत का होईना, उडून फांदीवर बसते. एमूला उडणे नाही आणि तिसरा पाय नाही. एक पाय कायमचा गेला तर दुसरा त्या वजनाखाली मोडकळीला येतो, आणि सतत बसून राहिलेल्या पक्ष्याचे घोटे आणि छातीखालची कातडी सोलवटत जाते. हे वास्तव आपल्या भावनेला कितीही कठोर वाटले तरी ते पक्ष्याच्या रचनेतच आहे.

आता व्यंगांकडे वळू. ‘पाय वाकडा आहे’ एवढ्या एका वाक्यात आपण चार निरनिराळे आजार कोंबतो, आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

पहिला प्रकार फाकलेल्या पायांचा. पिल्लू उभे राहायला जाते आणि दोन्ही पाय दोन बाजूंना घसरतात. उबवणी यंत्रातील चुकांमुळे मुळातच अशक्त निघालेली पिल्ले, आणि त्यांच्या पायांखाली गुळगुळीत ट्रे, वर्तमानपत्र किंवा फरशी, ही त्याची नेहमीची कारणे. यावरचा उपाय साधा आणि बहुधा गुणकारी आहे. दोन्ही पाय त्यांच्या नैसर्गिक अंतरावर राहतील अशा रीतीने मऊ पट्टीने एकमेकांना जोडायचे, खाली गोणपाट किंवा रबरी चटई घालायची, आणि पट्टी रोज तपासत तीन ते पाच दिवस ठेवायची. मराठीत ‘पायबंद घालणे’ म्हणजे एखाद्याला रोखणे. इथे पायबंद घालायचा तो चालता यावे म्हणून. मात्र तो पहिल्या दोन-तीन दिवसांत घातला गेला पाहिजे. आठवडा उलटला की हाडे आणि सांधे त्या वाकड्या स्थितीतच पक्के होऊ लागतात.

दुसरा प्रकार वळलेल्या बोटांचा. बोट आत किंवा बाहेर मुडपलेले असते. पुठ्ठ्याचा छोटा तळवा कापून त्यावर बोटे सरळ चिकटवून ठेवली तर कोवळ्या वयात ती बरीच सुधारतात. आणि थोडे वाकडेपण उरले तरी पक्षी त्यासह सुखाने जगू शकतो.

तिसरा प्रकार घोट्यामागची कंडरा तिच्या खाचेतून सरकण्याचा. यात घोटा सुजतो, पाय बाजूला वळतो. खाद्यात मँगनीज किंवा कोलीनसारखे घटक कमी पडणे हे त्याचे एक माहीत असलेले कारण आहे. पशुवैद्यकाने अगदी सुरुवातीलाच पाहिले तर काही करता येते; उशीर झाला तर फारसे नाही.

चौथा प्रकार सर्वांत वाईट. नडगीच्या हाडाला पीळ पडतो, आणि पिल्लाचे पाऊल पुढे न पडता बाहेरच्या बाजूला वळत वळत शेवटी काटकोनात जाते. हा प्रकार जन्मतः क्वचित असतो. तो बहुधा काही आठवड्यांनंतर, धडधाकट दिसणाऱ्या पिल्लात उद्भवतो. शस्त्रक्रियेने हाड कापून फिरवता येते, परंतु झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्यात त्याला येणारे यश फारच बेताचे आहे. या व्यंगाची कारणे एकाहून अधिक आहेत, पण त्यांत एक जोडगोळी पुन्हा पुन्हा समोर येते: खाणे जास्त आणि चालणे कमी. प्रथिने आणि ऊर्जा भरपूर असलेल्या खाद्याने शरीर भराभर वाढते, हाडे मात्र तेवढ्या वेगाने भक्कम होत नाहीत, आणि वरचे ओझे त्यांना पिळून टाकते.

इथे आपण या लेखाच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. पाळलेल्या पिल्लाला आपण प्रेमाने काय देतो? खाऊ घालतो आणि जवळ ठेवतो. मराठी घरातील वात्सल्याची ही दोन आद्य कर्मे आहेत. ‘खाल्लेस का’ हा आपल्याकडे प्रेमाचा पहिला प्रश्न, आणि ‘उन्हात जाऊ नकोस, पडशील’ हे दुसरे वाक्य. माणसाच्या लेकराला हे मानवते. एमूच्या पिल्लाला हीच दोन कर्मे घातक ठरू शकतात. त्याला ऊन हवे असते, कारण हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व त्यातून मिळते. त्याला मोकळे, खडबडीत, लांबलचक आवार हवे असते. आणि त्याला मोजके खाणे हवे असते, ज्यात प्रथिने बेताची आणि लसूणघासासारखा हिरवा चारा पुरेसा असेल. आपल्या दृष्टीने जे लाडावलेले बाळ, ते त्याच्या हाडांच्या दृष्टीने छळलेले पिल्लू असू शकते.

हे केवळ तत्त्व म्हणून मी मांडत नाही. आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका मुलीच्या घरची हकिगत मी तेव्हा आठवड्याआठवड्याने ऐकत होतो. वर्ष २०११. गाव साताऱ्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातले. शेजारच्या शेडमधून टाकून दिलेले, पाय फाकलेले पिल्लू तिने घरी आणले. तालुक्याच्या पशुवैद्यकाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे जुन्या धोतराची पट्टी काढून तिने त्याला पायबंद घातला, खाली गोणपाट अंथरले. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, “सर, उभं राहिलं! पाण्यापर्यंत गेलं!” त्या आवाजातला आनंद खरा होता आणि त्या आनंदावर तिचा पुरा अधिकार होता. योग्य वेळी योग्य उपाय झाला होता.

पुढचे सहा आठवडे ते पिल्लू साऱ्या घराचे झाले. ते मांस धरावे म्हणून घरच्यांनी त्याला ब्रॉयलर कोंबड्यांचे खाद्य आणून दिले. सुमारे सहा आठवड्यांत कोंबडी विक्रीच्या वजनाला पोचावी यासाठी जे खाद्य बनवलेले असते, ते या पिल्लाच्या पुढ्यात दिवसभर भरलेले असे. येणारा जाणारा मूठभर शेंगदाणे टाकी. कुत्र्यांच्या भीतीने त्याला बाहेर सोडत नसत. ते सोप्यातल्या फरशीवर किंवा आजोबांच्या बाजेखाली बसून राही. सातव्या आठवड्यात त्याचे उजवे पाऊल बाहेर वळू लागले. दहा दिवसांत त्याला उभे राहता येईना. हे पूर्वीचेच दुखणे उलटले, असे घरच्यांना वाटले, आणि पुन्हा धोतराची पट्टी निघाली. पण हे दुखणे निराळे होते. या खेपेला पशुवैद्यक स्वतः येऊन पाहून गेले. नडगी पिळली गेली होती. त्यांनी स्पष्ट सांगितले की हे बरे होणार नाही, पक्षी वाढत जाईल तसा त्रास वाढेल, आणि इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे जाऊ देणे हाच मार्ग आहे.

आजोबा माळकरी. ते म्हणाले, “आपल्या दारात जिवाला नख लावायचं न्हाई.” त्यापुढे कोणी बोलले नाही. पिल्लू आणखी अकरा दिवस जगले. त्याला भरवत होते, पाणी चोचीत घालत होते, कूस बदलून देत होते. घोट्यांना जखमा झाल्या, त्यांत किडे पडले, ते काढून हळद भरली गेली. आजोबा त्याच्याजवळ बसून हरिपाठ म्हणत. बाराव्या दिवशी सकाळी ते मेलेले आढळले. मुलीने मला एवढेच विचारले, “सर, आम्ही त्याचं केलं की आमचं केलं?”

या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नाही, आणि त्या वृद्ध माणसाला निर्दय ठरवणे तर अगदीच अन्यायाचे होईल. अकरा दिवस एका मरत्या पक्ष्याची घाण काढणारा माणूस निर्दय कसा असेल? परंतु त्या अकरा दिवसांत वेदना कोण सोशीत होते, हे विसरता येत नाही. आपल्या हातून हिंसा घडू नये ही आजोबांची इच्छा पूर्ण झाली. तिची किंमत पिल्लाने मोजली.

हाच प्रश्न १९२८ साली गांधीजींपुढे आला होता. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने पडून होते. कूस बदलतानाही त्याला असह्य वेदना होत होत्या. उपचार थकल्यावर गांधीजींनी आपल्या समक्ष डॉक्टरकडून विषाचे इंजेक्शन देववून त्याला त्यातून सोडवले. अहिंसेचा पुरस्कर्ता, आणि तेही गायीच्या वासराला मारतो, यावर देशभर संतापाचे वादळ उठले. गांधीजींनी लेख लिहून आपल्या कृतीचे समर्थन केले. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, मारणे म्हणजे हिंसा आणि न मारणे म्हणजे अहिंसा इतका हा हिशेब सरळ नाही. कृती कोणाच्या हितासाठी आहे ते पाहिले पाहिजे. स्वार्थ किंवा राग यांपोटी मारणे ही हिंसा. दुसऱ्याच्या वेदनेचा अंत व्हावा म्हणून, सारे उपाय संपल्यावर, निरुपायाने केलेले तेच कृत्य अहिंसेचे रूप असू शकते. आपल्याकडील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, ज्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्याचा अंत करण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. म्हणजे विचाराची आणि कायद्याची वाट उपलब्ध आहे; तिच्यावर पाऊल टाकायला आपले मन तयार नसते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. आज पायाने अधू पक्ष्याला ‘सोडवणे’ मान्य केले तर उद्या हाच न्याय कोणाला लागेल? अपंगत्व म्हणजे जगण्यास अपात्रता, अशी ही पायरी तर नव्हे? माझ्या मते हा आक्षेप दोन भिन्न गोष्टी एक मानतो. अपंग माणसाचे दुःख मोठ्या अंशी आपण बांधलेल्या जगाने निर्माण केलेले असते. उतार, कुबडी, चाकाची खुर्ची आणि समाजाची समज यांनी ते कमी होते, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला स्वतःचे म्हणणे असते. एमूला कुबडी देता येत नाही आणि त्याचे म्हणणे आपल्याला त्याच्या शरीरावरूनच वाचावे लागते. म्हणून निर्णय व्यंगाच्या दिसण्यावरून होता कामा नये. वाकड्या बोटांचा एमू कुरूप दिसत असेल, पण तो उठतो, चालतो, चरतो. त्याला मारणे हा शुद्ध अपराध होईल. पाहायचे ते एवढेच: पक्षी आपला आपण उठतो का? दाण्यापाण्यापर्यंत जातो का? बसून बसून त्याला जखमा होत आहेत का? आणि आजची स्थिती पुढच्या आठवड्यात, वजन वाढल्यावर, सुधारणार की बिघडणार? या प्रश्नांची उत्तरे ममतेतून मिळत नाहीत. ती निरीक्षणातून आणि जाणत्याला विचारून मिळतात.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. पशुपालनाच्या व्यवहारात वावरणारे म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? पहिल्याच दिवशी अधू पिल्लू काढून टाकावे, हाच सोपा मार्ग. हेही मला मान्य नाही. फाकलेले पाय चार दिवसांच्या पायबंदाने सुधारू शकतात हे माहीत असताना पिल्लू फेकून देणे म्हणजे धोतराच्या पट्टीएवढीही किंमत त्या जिवाला नाही असे म्हणणे आहे. धंद्याची ही घाई आणि घरातील ती आसक्ती, या दोहोंत मला एक साम्य दिसते. दोन्ही ठिकाणी पिल्लाच्या पायाकडे नीट पाहिले जात नाही. एकाला त्यात नुकसान दिसते, दुसऱ्याला आपल्या करुणेचा विषय.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला इथे आपल्या परंपरेतील एक लीळा आठवल्यावाचून राहत नाही. ‘लीळाचरित्रा’त पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या आसनापाशी येऊन त्यांच्या मांडीखाली दडतो. शरण आलेल्याला मरण नाही, असे सांगून चक्रधर पारध्यांना परतवतात. या प्रसंगाचा शेवट मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. धोका टळल्यावर चक्रधर गुडघा उचलतात आणि आदराने संबोधून सशाला जायला सांगतात. ससा निघून जातो. त्याला पाळले जात नाही, त्याचे लाड होत नाहीत. त्याला त्याचे सशाचे जगणे परत मिळते. रक्षणाचा हेतू त्या प्राण्याला त्याचे स्वतःचे जगणे मिळवून देणे हा असेल, तर सगळ्या शुश्रूषेची कसोटी त्यातूनच ठरते. पायबंद घातलेले पिल्लू चार दिवसांनी चालू लागते तेव्हा आपण गुडघा उचललेला असतो. पण ज्याला ते जगणे परत देणे शक्यच नाही, त्याला मांडीखाली दाबून धरणे हे रक्षण कसे म्हणावे?

प्राण्याकडे प्राणी म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे नाही असे नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीचे जगणे वानरांचे म्हणून लिहिले, मारुती चितमपल्ली यांनी उभे आयुष्य रानात पाहण्यात आणि पाहिलेले नोंदवण्यात घालवले. तरीही आपल्या घरगुती बोलण्यातला प्राणी बहुधा मुका लेकरूच असतो. ‘मुके जनावर’ या शब्दप्रयोगात ममता आहे, पण एक सोयही आहे. ते मुके आहे असे ठरले की त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याकडे येतो. वास्तविक पाऊल बाहेर वळू लागले त्या दिवशी ते पिल्लू बोलतच होते. ती भाषा वाचणारा त्या घरात कोणी नव्हता, कारण ती शिकावी लागते असे त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते.

आणि इथे दोष फक्त घराच्या माथी मारून चालणार नाही. ज्यांनी परक्या खंडातील हा पक्षी गावोगाव जोडीने विकला त्यांनी नफ्याचे तक्ते वाटले. पिल्लाच्या पायांखाली काय असावे, त्याने रोज किती चालावे, याची माहिती किती जणांपर्यंत पोचवली? तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यक गायीम्हशींच्या आणि शेळ्यांच्या कामातच बुडालेले असतात. कोंबड्यांचे खाद्य दुकानात सहज मिळते, एमूसाठीचे खाद्य मिळत नाही. अशा स्थितीत घरातल्या माणसांनी जे केले ते कोणीही केले असते. एमूची लाट ओसरून आता बरीच वर्षे झाली, पण लाटा संपलेल्या नाहीत. परदेशी पोपट, सरडे, कासवे यांची हौस शहरांतून वाढते आहे, आणि विकत घेताना त्या प्राण्याचा रंग व किंमत विचारली जाते, त्याचे आजार विचारले जात नाहीत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कोणताही प्राणी घरी आणण्यापूर्वी त्याच्या शरीराची आणि वाढीची माहिती करून घेणे हा छंदाचा भाग नसून दयेचाच पहिला भाग मानला पाहिजे. व्यंग दिसले तर ते कोणत्या प्रकारचे आहे हे त्याच दिवशी जाणत्याकडून पाहून घ्यावे, कारण चार दिवसांत सुधारणारे दुखणे चार आठवड्यांत सुधारत नाही. सुधारण्याजोगे असेल तर कितीही कष्ट पडोत, मागे हटू नये. आणि सुधारण्याजोगे नाही असे पशुवैद्यक सांगत असेल, तर त्याचे ऐकण्याचे धैर्य बाळगावे. पिल्लाला मांडीवर घ्यावे, हरिपाठ म्हणायचा असेल तर तेव्हाच म्हणावा, आणि इंजेक्शन देऊ द्यावे. पहिल्या चार दिवसांत त्या मुलीच्या घराने जी दक्षता दाखवली तीच शेवटच्या अकरा दिवसांनाही लागू करता आली असती. तिच्या प्रश्नाला मी तेव्हा दिलेले उत्तर आजही बदलावेसे वाटत नाही: पहिले चार दिवस तुम्ही त्याचे केले.